चाकांकडे बघणारा माणूस : पुणे–मुंबईच्या पासधारकांना खुले पत्र

पुणे–मुंबई रोज ये-जा करणाऱ्या माझ्या पासधारक मैत्रिणींनो आणि मित्रांनो,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. 2006 पासून सकाळच्या गाडीनं मुंबई आणि संध्याकाळच्या गाडीनं घर. डब्यात माझी एकच खोड सगळ्यांना माहीत आहे : घाट उतरून कर्जत येईपर्यंत मला डाव्या हाताची खिडकी लागते. त्यावरून दोनतीनदा भांडणं झाली. एकीनं तर "हिला दरी बघितल्याशिवाय चहा उतरत नाही" असं म्हणून माझं नावच दरीबाई पाडलं. मी कधी खुलासा केला नाही. आज करते, कारण आता त्या खिडकीचं मला काही काम उरलेलं नाही.

दरी बघायला मी तिथं बसत नव्हते. पळसदरीच्या वरच्या अंगाला, एका ठरावीक वळणाच्या पुढं, रुळाच्या कडेला एक माणूस उभा असायचा. नारिंगी जाकीट, खांद्यावर हातोडा, कमरेच्या पट्ट्यात पाना, बगलेत गुंडाळलेले दोन झेंडे. गाडी त्याच्यासमोरून जायला दोन सेकंद लागायचे. ते माझे वडील. रोज दोन सेकंद, आठवड्याचे पाच-सहा दिवस, अशी अकरा वर्षं मी त्यांना खिडकीतून पाहिलं. त्यांनी मला एकदाही पाहिलं नाही.

सुरुवातीला मी हात हलवायची. नोकरी नवी, अंगात उत्साह, आणि बाप ऐन वाटेत उभा! ते बघायचेच नाहीत. मान किंचित खाली, डोळे डब्यांच्या खालच्या भागावर, पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत नजर सरकत जायची. रविवारी घरी गेल्यावर मी रुसून विचारलं. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "हात कोण हलवतंय ते बघत बसलो, तर चाक कोण बघंल?"

मग समजावून सांगितलं. गाडी जाताना रुळावरच्या माणसानं बाजूला उभं राहून ती गाडी बघायची असते. एखाद्या आसाचं बेअरिंग तापून धूर येतोय का, एखादा ब्रेक चाकाला चिकटून राहिलाय का, खाली काही लोंबतंय का, चाकाचा आवाज ठप्-ठप् येतोय का. गडबड दिसली तर लाल झेंडी. काही नसलं तर शेवटच्या डब्यातल्या गार्डला 'ठीक आहे'ची खूण. तुमची पोरं खिडकीतून टाटा करतात नि बाहेरचा गँगमन ढिम्म उभा राहतो, तेव्हा तो माणूसघाणा नसतो. तो तुमच्याच बुडाखाली बघत असतो. (भाषा बाबांची आहे, माफ करा.)

हे पत्र मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. गेल्या मार्गशीर्षात ते गेले. पाऊस तोंडावर आला की त्यांची घालमेल सुरू व्हायची, निवृत्तीनंतरही. यंदा ती घालमेल माझ्याकडे आलीय.

बाबा 1978 साली रोजंदारीवर लागले. वय एकवीस, शिक्षण सातवी. तेव्हा पावसाळ्यापुरती माणसं घ्यायचे. पाऊस संपला की घरी. घरी म्हणजे भाताची दीड एकर आणि चार भाऊ. मग काही वर्षांनी 'टेंपररी स्टेटस' मिळालं, हा शब्द आमच्या घरात सातबारासारखा जपून उच्चारला जायचा. पुढं कायम झाले. कागदावर हुद्दा आधी गँगमन, मग ट्रॅकमन, मग ट्रॅक मेंटेनर. नावं बदलत गेली. बाबा म्हणायचे, "खडीला काय ठाऊक माझा हुद्दा? ती बोटं तशीच फोडते."

पहिली बरीच वर्षं ते हिल गँगमध्ये होते. ही काय भानगड, हे तुमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. आपण ज्या घाटातून जातो त्या घाटाचा डोंगर जिवंत आहे. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांत शिरतं, झाडांची मुळं भेगा रुंदावतात, आणि एखाद्या रात्री बैलाएवढा धोंडा सुटून रुळावर येतो. म्हणून पावसाळ्याच्या आधी माणसं डोंगरावर चढतात. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक वरच्या झाडाला किंवा खडकात ठोकलेल्या पहारेला. लोंबकळत एकेक धोंडा सब्बलीनं ठोकून बघायचा. पक्का वाजला तर सोडायचा. पोकळ वाजला, हलला, तर त्यावर खूण करायची, आणि मग ब्लॉक मिळाला, म्हणजे गाड्या थांबल्या की तो बेतानं खाली सोडायचा. खाली पडलेले दगड उचलायला एक खास गाडी येते, तिला बोल्डर स्पेशल म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, डेक्कन क्वीनसारखीच ती पण एक मोठ्या मान-मरातबाची गाडी असणार. नावात 'स्पेशल' आहे ना!

त्या काळी बाबांच्या कमरेवर दोराचा काळा वण कायमचा होता. आंघोळीला बसले की दिसायचा. करदोटा जिथं बांधतात, बरोबर तिथं.

आता जाळ्या बसवल्या आहेत, बोगद्यांची तोंडं पुढं वाढवली आहेत, धोक्याच्या जागी कॅमेरे आहेत. तरी हिल गँग आहे. कॅमेऱ्याला सब्बल मारता येत नाही.

या घाटाचा इतिहास तुम्ही वाचला असेल. काम 1856 साली सुरू झालं आणि 1863 साली रेल्वे घाट चढून वर गेली. 1861 च्या सुमारास एका वेळी 42,000 माणसं इथं राबत होती. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार काम हाती घेतल्यावर काही दिवसांतच वारला, तर त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, ते कंत्राट पुढं चालवलं. अ‍ॅलिसबाईचं नाव राहिलं, राहायलाच हवं. त्या 42,000 जणांचं काय? आमच्याकडे एकट्या शिंग्रोबाची आठवण काढतात. म्हणतात की घाटाची वाट त्या धनगरानं साहेबाला दाखवली, नि साहेबानं त्यालाच गोळी घातली. जुन्या हमरस्त्यावर त्याचं देऊळ आहे, गाडीवाले जाता जाता नाणं टाकतात. बाबा तिथं हमखास थांबायचे. नाणं टाकायचे नाहीत, बिडी पेटवून ठेवायचे. आपल्याच खात्यातला माणूस असावा तसं.

2003 साली बाबा कीमॅन झाले. गँगमध्ये हा मानाचा हुद्दा. गँग एका जागी काम करते, कीमॅन एकटा चालतो. सकाळी उजाडायच्या आत निघायचं, आपल्या बीटचा सगळा रूळ पायी तपासायचा, एका अंगानं जायचं नि दुसऱ्या अंगानं परत यायचं. रुळाला धरून ठेवणारी पँड्रोल क्लिप निसटली असली तर ठोकून बसवायची, ढिला बोल्ट आवळायचा, वेल्डच्या जागी वाकून बघायचं. मी आकड्यांत पोट भरणारी बाई, मला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. बीट सहा किलोमीटरचं, जाऊन-येऊन बारा. वर्षाचे तीनशे दिवस धरले आणि अशी चौदा वर्षं, तर 50,400 किलोमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर 40,075 किलोमीटर आहे. हे मी त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "पृथ्वीवर स्लीपर नाहीत. तिथं चालायला सोपं जात असणार."

खरंच, स्लीपरवरून, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवरून, चालून बघा कधी. म्हणजे बघू नका, तो गुन्हा आहे, पण कल्पना करा. दोन स्लीपरांतलं अंतर माणसाच्या पावलाला जुळत नाही. एकेक टाकावं तर पाऊल आखडतं, एक सोडून टाकावं तर टांग फाकते. मधे पाय ठेवावा तर खडी. बाबांची चाल त्यामुळे कायमची बदलली होती. लग्नाच्या वरातीतसुद्धा ते आखूड पावलं टाकत चालायचे.

मला पाढे त्यांनी रुळावरच शिकवले. एका किलोमीटरला 1660 स्लीपर, तर अर्ध्याला किती, पावाला किती? आमच्या गँगच्या चाळीत एका खोलीत आम्ही पाच जण. मागं रूळ, पुढं डोंगर. गाड्यांच्या आवाजात आम्हांला गाढ झोप लागायची. रात्री जाग यायची ती गाडी आली नाही म्हणून. आवाज थांबला की आई उठून बसायची, कंदील मोठा करायची. गाड्या थांबल्या याचा अर्थ बाबांनी, किंवा बाबांसारख्या कुणीतरी, त्या थांबवल्या. का थांबवल्या, ते सकाळशिवाय कळायचं नाही.

पावसाळ्यातली रात्रीची पेट्रोलिंग हा त्यातला सगळ्यात कठीण भाग. एक पेट्रोलमन या टोकाकडून निघतो, दुसरा त्या टोकाकडून. मधे भेटायचं, वही बदलायची, परत फिरायचं. दुसरा भेटला नाही तर पुढं चालत राहायचं, तो कुठं पडला ते शोधत. हातात बत्ती, गळ्यात शिट्टी, पिशवीत फटाके. हे दिवाळीचे नव्हेत. रुळावर बसवायचे डबीसारखे फटाके; इंजिनाचं चाक वरून गेलं की बार होतो, ड्रायव्हर गाडी थांबवतो. बाबांचा नियम आम्हां भावंडांना तोंडपाठ होता : अडथळ्यापासून 600 मीटरवर एक, 1200 मीटरवर तीन, दहा-दहा मीटरवर. दिवाळीत शेजारची पोरं लवंगी लावायची, तेव्हा माझा भाऊ अंगणात पावलं मोजून मगच लावायचा.

26 जुलै 2005. मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस तुम्ही कुठं काढलात ते तुम्ही सगळे सांगू शकता. मी पण सांगू शकते. चाळीच्या ओट्यावर, आईशेजारी. बाबा पहाटे गेले ते तिसऱ्या रात्री आले. बोलले नाहीत. आईनं घमेल्यात कोमट पाणी नि मीठ घेतलं, त्यात त्यांनी पाय सोडले. तळवे भिजवलेल्या पोह्यांसारखे पांढरे फुगलेले, कातडी सुटलेली. आई हळूहळू पुसत होती आणि ते बसल्या बसल्या झोपले होते. पाय घमेल्यात, पाठ भिंतीला, हातात न प्यायलेला चहा. चार तासांनी उठून परत गेले.

एवढं सगळं सांगूनही मला ते हिरो करायचे नाहीत. त्यांना ते अजिबात आवडलं नसतं. एकदा, ऐन थंडीतल्या पहाटे, त्यांना रूळ तुटलेला सापडला. थंडीनं पोलाद आकसतं, वेल्डच्या जागी तडकतं. बोटभर फट होती. पळत जाऊन फटाके लावले, गाडी थांबवली. रूळ जोडून गाडी पुढं गेली, दीडेक तास उशीर झाला. त्याबद्दल एक प्रमाणपत्र आणि पाचशे रुपये मिळाले. पाचशेचा त्यांनी प्रेशर कुकर आणला. थोडे पदरचे घातले. पुढं किती वर्षं कुकरची शिट्टी झाली की ते हातातलं टाकून उभे राहायचे, आणि आम्ही हसायचो.

मी ते प्रमाणपत्र नाही, त्या दिवसाचा उशीर धरून बसले आहे. कारण आपल्या डब्यात उशिराबद्दल जे बोललं जातं, ते मी इतकी वर्षं गप्प बसून ऐकलं आहे. "झोपलेत सगळे." "फुकटचा पगार." "आमचं लेट मार्क कोण भरणार?" लेट मार्क माझंही लागतं हो. पण घाटात गाडी मध्येच उभी राहते ना, जिला आपण 'विनाकारण थांबली' म्हणतो, तिथलं कारण एकदा सांगू द्या. या घाटाचा चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढं जाताना गाडी एक मीटर खाली उतरते. रेल्वेच्या मानानं हा कडाच. म्हणून उताराला कॅच सायडिंग केल्या आहेत, डोंगरात चढत जाणारा एक आंधळा रूळ. तिथले पॉइंट, म्हणजे गाडीला वाट बदलून देणारे सांधे, मेन लाइनला नाही, या आंधळ्या रुळालाच लावलेले असतात. गाडी येऊन थांबली, ब्रेक ताब्यात आहेत हे दिसलं, की मगच तिला मेन लाइन मिळते. जी थांबू शकली नाही ती आपोआप चढावर जाऊन दमते, दरीत जात नाही. आपण थांबतो, म्हणजे आपले ब्रेक चालू आहेत. यापेक्षा चांगली बातमी सकाळी सकाळी दुसरी कोणती?

आता जरा कडू बोलते.

आपल्या डब्यातून बाहेर काय काय पडतं! दसऱ्याला आपण डबा सजवतो, झेंडूची तोरणं, इंजिनाला हार, पेढे. मला ते फार आवडतं. एक जूनला डेक्कन क्वीनचा वाढदिवस करतात तोही आवडतो, 1930 पासूनची गाडी, तिचं कौतुक व्हायलाच हवं. आमच्या चाळीतही दसरा व्हायचा. टूलरूममध्ये हातोडा, पाना, सब्बल, बीटर, सगळं घासूनपुसून मांडायचे, हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. पूजेला नारळ, आणि तो तिथंच फोडून वाटायचा. आपण डब्यातून निर्माल्याची पिशवी भिरकावतो, तिच्यातला नारळ पाण्यात पडेल अशा भरवशावर. तो पाण्यातच पडतो असं नाही.

बाबांना नारळ लागला नाही. पाण्याची बाटली लागली. अर्धी भरलेली, प्लॅस्टिकची. गाडी वेगात असली की ती बाटली राहत नाही, दगड होते. उजव्या गालाचं हाड मोडलं. बाबा त्या वेळी काय करत होते हे मला निराळं सांगायला नको. चाकांकडे बघत उभे होते. कोणत्या गाडीतून आली ते त्यांना ठाऊक होतं, त्यांनी कधी सांगितलं नाही. मी खोदून खोदून विचारलं. शेवटी म्हणाले, "तुझ्या गाडीतनं नाही आली." ते खरं बोलले की माझ्यासाठी बोलले, हे मला आजही कळलेलं नाही.

आणि एक गोष्ट. ही लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. आता डब्यांना बायो-टॉयलेट आहेत, आजच्या पोरांना आठवणारही नाही. पण कालपरवापर्यंत संडासाचा नळ सरळ रुळावर उघडायचा. स्टेशनवर गाडी उभी असताना वापरू नका, अशी पाटी असायची. म्हणजे गाडी चालू असताना वापरा. आणि गाडी चालू असताना रुळाच्या कडेला माझे बाबा उभे असायचे, गाडीकडे तोंड करून, कारण पाठ फिरवली तर चाकं कशी दिसणार? टॉवेल नाका-तोंडावर बांधायचे, डोळे उघडे ठेवायचे. घरी आले की उंबऱ्याच्या आत येत नसत. मागच्या बाजूला दगडावर आई पाणी तापवून ठेवायची, तिथं आंघोळ, कपडे तिथंच वेगळ्या बादलीत. मगच आम्हांला जवळ घ्यायचे. मला बरीच वर्षं वाटायचं की सगळ्यांचेच बाबा आंघोळ केल्याशिवाय मुलांना हात लावत नाहीत. पाचवीत मैत्रिणीच्या घरी गेले, तिचे वडील ऑफिसातून आले नि त्यांनी तिला तसंच्या तसं उचललं. मी ओरडले, "काका, अहो आंघोळ!" सगळे हसले. मीही हसले, का ते न कळून.

बाबांनी आमच्यासाठी काय केलं, याची मोठी यादी माझ्याकडे नाही. मला शिकवलं, भावाला शिकवलं, धाकटीचं लग्न लावलं, क्रेडिट सोसायटीचं कर्ज निवृत्तीच्या आदल्या वर्षी फेडलं. सगळेच बाप करतात. पण मी बारावीत असताना, ऐन परीक्षेच्या फेब्रुवारीत, ते पहाटे निघताना मला उठवायचे, चहा करून पुढ्यात ठेवायचे आणि जायचे. साडेचारला. दिव्याचं बटण बंद-चालू झालं की समजायचं, उठले. एक दिवस चहा पिऊन मी परत आडवी झाले. संध्याकाळी आल्यावर म्हणाले, "दिवा मालवलास पावणेपाचला. मी वळणावर होतो, दिसला." चिडले नाहीत. पण वळणावरून आपला दिवा कुणीतरी बघतंय, हे कळल्यावर मी पुन्हा कधी आडवी झाले नाही. त्या एका वर्षात त्यांनी चाकांशिवाय दुसरं काही बघितलं असेल तर तो दिवा.

वर्षाकाठी रेल्वेचा पास मिळायचा. एकदा आम्ही सगळे थेट कन्याकुमारीला गेलो, दोन रात्रींचा प्रवास. आम्ही खिडक्यांवरून भांडत होतो आणि बाबा दारात, दांडीला धरून, डोळे मिटून. आईला वाटलं गाडी लागली. ते ऐकत होते. "इथलं पॅकिंग ढिलं आहे," म्हणजे स्लीपरखालची खडी. "हां, इथला मेट चांगला आहे," मेट म्हणजे गँगचा मुकादम. "वेल्ड ओबडधोबड." आंध्र, तमिळनाडू, भाषा कळत नव्हती, रूळ कळत होता. परतताना एका छोट्या स्टेशनबाहेर गाडी सावकाश चालली होती आणि कडेला गँग उभी होती. त्यातल्या मेटला बाबांनी हात केला. त्यानं बघितलं नाही. बाबा आत येऊन खूश होऊन म्हणाले, "बघितलं नाही!"

2017 साली निवृत्त झाले. साठी पूर्ण. गावाकडे दोन खोल्या बांधल्या होत्या, तिथून रूळ दिसतो. जोत्यावर बसून गाड्या बघायचे. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला, आमच्यापासून काही फार लांब नाही ते. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं मिळालीच नाहीत. टीव्हीवर दिवसभर चालू होतं. बाबा एक अक्षर बोलले नाहीत. रात्री दोनला मला जाग आली तर दार उघडं. बाहेर पाऊस, आणि घरामागच्या टेकाडावर एक बत्ती हळूहळू सरकत होती. सहासष्टीचा म्हातारा सब्बल घेऊन वर गेला होता. मी खालून ऐकत होते : ठण्. ठण्. ठण्. भिजून खाली आले, म्हणाले, "पक्का आहे. झोप."

डॉक्टर अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं 2012 साली रेल्वेच्या सुरक्षेवर अहवाल दिला. रुळावर काम करताना मरणाऱ्या कर्मचाऱ्यांचा प्रश्न त्यात मांडला होता. गाडी दोन्ही बाजूंनी येते, वळणावर दिसत नाही, पावसात ऐकू येत नाही. बाबांच्या गँगमधले दोघे असे गेले. त्यांची नावं मी इथं घेत नाही, त्यांच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही. बाबांना आपण घरात, खाटेवर मरणार याचं शेवटी शेवटी नवल वाटायचं.

तर गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आमच्या गावची स्मशानभूमी रुळाच्या पलीकडे आहे. मधे फाटक लागतं. गँगच्या माणसांना दुपारी जेवणाची सुट्टी होती, ते तसेच आले, जाकिटं अंगावर. तिरडीला खांदा त्यांनीच दिला. घरच्यांना म्हणाले, तुम्ही पुढं व्हा. फाटकाशी पोचलो तर फाटक पडलं. गाडी येत होती. आम्ही थांबलो. मडकं धरलेला भाऊ पुढं, मागं नारिंगी जाकिटांतली चार माणसं, त्यांच्या खांद्यावर बाबा.

लांब पल्ल्याची गाडी होती, चोवीस डबे. एका खिडकीतून एक छोटी मुलगी जोरजोरात हात हलवत गेली. त्या चौघांनी खांदा न हलवता माना तेवढ्या वळवल्या होत्या आणि ते चाकांकडे बघत होते. पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत. मीही.

शेवटचा डबा आला. मेटनं मोकळा हात वर करून खूण केली. गार्डनं हिरवी झेंडी दाखवली. मग फाटक उघडलं, नि आम्ही पलीकडे गेलो.

तुमचीच,
डाव्या खिडकीतली दरीबाई